बायकांच्या बाजूला उजेड नव्हता

एप्रिल अर्धा सरला की उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दुपारी माणसांचा आवाज बंद होतो आणि कूलरचा सुरू होतो. प्रत्येक खिडकीला एक पत्र्याची पेटी अडकवलेली, तिच्यातल्या वाळक्या गवतावर पाणी ठिबकतंय, आणि त्या ओल्या गवताचा वास घरभर. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे कूलरमध्ये बादली ओततानाही आईचा हात आखडतो. कडुनिंबाचा मोहर गळून रस्त्याच्या कडेला त्याचा पिवळट चुरा साचलेला असतो. जयंतीच्या मिरवणुकीच्या पताका अजून तारांवर लटकत असतात, पण उन्हानं त्यांचा निळा रंग विटायला लागलेला असतो. एखाद्या गल्लीत लग्नाचा मांडव पडतो आणि रिक्षावाले शिव्या देत गाडी मागं घेतात. आणि याच दिवसांत पोरापोरींच्या मोबाइलवर कुठं प्रवेश मिळाल्याचे, कुठं नाकारल्याचे निरोप यायला लागतात.

मला हा महिना एके काळी फार आवडायचा.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहितेय, त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हा मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. पप्पा वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेसवर काम करायचे, अजूनही करतात. पहाटेच्या पाळीला असले की कंपनीच्या बसला ते चौकात उभे राहायचे, आणि दुपारी चहाच्या वेळेला घामेजलेल्या शर्टानं परत यायचे. आई घरीच शिलाईचं काम करायची. मी एकुलती एक. गल्लीत इंजिनिअर होणारी मी पहिलीच मुलगी नव्हते, पण आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत होते. त्यामुळे माझ्याकडं सगळे जरा जपून बघायचे, जसं उतू जाणाऱ्या दुधाकडं बघतात.

सगळं सुरू झालं ते त्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, आईच्या लग्नाच्या कॅसेटपासून.

आईचं माहेर सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यात. तिच्या पाठची बहीण कुसुम. मी तिला पाहिलेलं नाही. आईचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी कावीळ होऊन ती गेली. शाळा लवकर सुटलेली, लग्न ठरायच्या आधीच गेलेली, त्यामुळे तिचा फोटो काढायचा प्रसंगच कधी आला नव्हता. आजोळच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो आहेत, हार घातलेले, न घातलेले. कुसुममावशी कुठंच नाही. आई तिच्याबद्दल बोलायची ते मात्र भरभरून. कापूस वेचायला ती कशी सगळ्यांच्या पुढं असायची, हसायला लागली की पदर तोंडात कसा कोंबायची, काळीसावळी होती आणि त्यावरून कुणी बोललं तर कशी उलटं ऐकवायची. मग एकदा संध्याकाळी मशीनवर ब्लाउजची बाही जोडता जोडता आई एकदम थांबली.

"सुजाता, मला आता तिचं तोंड आठवत नाय गं," ती म्हणाली. "आवाज आठवतो. चालणं आठवतं. तोंड आठवायला गेलं की दुसरंच कुणीतरी येतं पुढं."

मी मशीनपाशी जाऊन बसले. मग आईच म्हणाली, "लग्नाच्या कॅसेटमधी असंल ती. असायलाच पायजे. दिवसभर तीच तर पळत होती."

ती कॅसेट लोखंडी कपाटात, आईच्या लग्नाच्या शालूखाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली होती. ती लावायचं यंत्र कुणाकडंच उरलं नव्हतं. मी शहागंजात रऊफभाईंकडं गेले. त्यांचा जुना फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, आणि आत पडद्यामागं जुन्या कॅसेटींची मांडणी, पार छतापर्यंत. त्यांनी कॅसेट उलटी-पालटी करून उजेडाकडं धरली. आतल्या फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते.

"फफूंद लगी है, बेटा," ते म्हणाले. "साफ करना पडेगा. जल्दी नक्को करो. पट्टी तुटी तो गई."

"होईल ना पण?"

"हौ, हो जाता. अम्मी की शादी है ना? इन्शाल्ला हो जाता."

मी मांडणीकडं बघत होते. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर पट्टी चिकटवलेली, तिच्यावर आडनावं, गावं, 'हल्दी', 'मंगल परिणय', 'वलीमा', 'जयंती मिरवणूक'. मी विचारलं, या सगळ्या कुणाच्या? रऊफभाई हसले. "कॉपी कराने डाल के गए लोगां. वापस आएच नहीं."

आमची कॅसेट त्यांनी कापसाच्या बोळ्यानं पुसत पुसत कॉम्प्युटरवर उतरवून दिली. घरी आणून मी ती पहिल्यांदा लावली तेव्हा आई पुढं सरकून बसली, पप्पा मागं खुर्चीत. पडद्यावर लाल-हिरव्या रेघा, मग बँडचा आवाज, मग वेशीपाशी नाचणारी पोरं, आणि मग मांडव. पप्पा इतके बारीक की त्यांना स्वतःलाच हसू आलं. आई मान खाली घालून बसलेली. समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, उदबत्त्यांचा धूर, भन्तेजींचा आवाज. दिवेलागणीची वेळ होती. कॅमेऱ्यासोबत एक मोठा दिवा होता आणि तो जिकडं वळेल तिकडं तेवढंच दिसायचं. तो सगळा वेळ व्यासपीठावर, नाहीतर पुरुषांच्या बाजूला. कंपनीतले पप्पांचे मित्र, गावातले पुढारी, पाटावर बसलेले पाहुणे. बायका मांडवाच्या दुसऱ्या अंगाला बसल्या होत्या. तिथं नुसता अंधार आणि त्यात बांगड्यांची चकचक.

मला तेव्हा वाटलं, यात काय अवघड आहे. चेहरे शोधणारा प्रोग्राम मी कॉलेजात शिकले होते. शेवटच्या वर्षाला सगळी मुलं चेहरा ओळखून हजेरी घेणारं यंत्र बनवत होती. मी म्हटलं, मी माझी मावशी शोधते.

प्रोग्रामनं त्या लग्नात किती तरी चेहरे शोधले. नवरदेवाचा चेहरा शोधला, पुढाऱ्यांचे शोधले, तसबिरीतला बुद्ध शोधला. मांडवाच्या कापडावरच्या फुलांत एक चेहरा शोधला, बँडवाल्याच्या ढोलावर एक शोधला. बायकांच्या बाजूला त्याला कुणीच सापडलं नाही. एवढ्या बायका बसलेल्या, मुलांना पाजणाऱ्या, हसणाऱ्या, एकमेकींच्या कानाला लागणाऱ्या, आणि प्रोग्रामच्या मते तिथं माणूस नाही.

शेवटी मावशीला शोधलं ते आईनंच. ऑक्टोबरच्या उन्हात कित्येक दुपारी ती कूलरपुढं बसून तीच तीच चित्रफीत बघायची आणि मी हवं तिथं थांबवून द्यायची. एक दिवस ती ओरडली, "थांब! मागं घे. ही बघ. ही!"

एक पाठमोरी मुलगी. कुणाचं तरी मूल कडेवर. घाईत चालत येते, कुणीतरी हाक मारल्यासारखी वळते, आणि नेमका तेव्हाच दिवा तिच्यावर येतो. चेहरा नुसता पांढरा. उजेडानं पुसून टाकल्यासारखा. पुढच्या क्षणाला दिवा पुढं गेलेला आणि ती अंधारात.

आईनं पडद्याला हात लावला. "तीच हाय. पण तोंड दिसत नाय गं."

मग मी जे केलं ते आजची कुठलीही मुलगी करेल. पुसट फोटो स्पष्ट करून देणारं एक ॲप होतं, त्यात तो क्षण टाकला. थोड्या वेळानं पडद्यावर एक चेहरा आला. नाक, डोळे, ओठ, सगळं जागच्या जागी. गोरटेली, नीटनेटकी, जाहिरातीतल्यासारखी मुलगी. मी आनंदानं आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत आली आणि बघत राहिली.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"मावशी."

"नाय." आईनं मान हलवली. "ही कुसुम नाय. ही कुणाची तरी पोरगी हाय." मग म्हणाली, "पुसून टाक ते. मला आधीच आठवत नाय. त्यात हीच बसंल डोक्यात."

मी ते पुसून टाकलं. पण त्या दुपारनंतर मला दुसरं काही सुचेना. ते यंत्र खोटं बोललं नव्हतं. जे चेहरे त्याला दाखवले गेले होते, त्यांच्यातून त्यानं एक जुळवून दिला होता. माझी मावशी त्याला कुणी दाखवलीच नव्हती. कॅमेरावाल्यानं उजेड कुणावर धरायचा ते ठरवलं, कुणाचा फोटो काढायचा ते घरानं ठरवलं, आणि इतक्या वर्षांनी मशीननंही तेच पुढं चालवलं. हा प्रश्न कॉम्प्युटरचा होता की माणसांचा, मला कळेना. मार्गदर्शक सरांना विचारलं तर ते म्हणाले, "तू सरळ हजेरीचा प्रोजेक्ट घे. मार्क मिळतील."

त्याच सुमारास कॉलेजात एका संशोधक बाईंचं व्याख्यान झालं. जुने फोटो आणि समाज असा काहीसा विषय. हॉल निम्मा रिकामा होता. संपल्यावर मी त्यांना गाठून सगळं सांगितलं, कॅसेट, ढोलावरचा चेहरा, आईचं बोलणं. त्या पायऱ्यांवर उभ्या राहून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे जे तू करतेयस ना, याचा अभ्यास असतो. दृश्य मानवशास्त्र म्हणतात. माणसं चित्रात कशी येतात, कोण आणतं, कोण बाहेर राहतं. आणि तुला तर प्रोग्रामही लिहिता येतो. दोन्ही एकत्र शिकवणारी ठिकाणं फार थोडी आहेत. पण आहेत."

घरी येताना मी बसमध्ये उभी होते आणि मला बसायला जागा मिळाली तरी मी बसले नाही. आपल्या डोक्यात जे घोळतंय त्याला जगात कुठंतरी नाव आहे, वर्ग आहे, शिकवणारी माणसं आहेत, हे कळण्यासारखा दुसरा आनंद मला तरी अजून माहीत नाही.

परदेशातल्या एका विद्यापीठात तसा अभ्यासक्रम होता. निम्मं शिक्षण कॉम्प्युटर विभागात, निम्मं मानवशास्त्राच्या विभागात, हातात कॅमेरा घेऊन. मी अर्जात कुसुममावशीबद्दलच लिहिलं. मार्चमध्ये त्यांचा होकार आला. सरकारी शिष्यवृत्तीच्या यादीतही नाव लागलं. आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीनं कॉलेजात येऊन मला नोकरीसाठी निवडलं.

तो एप्रिल म्हणजे नुसतं निवडणं. मी हा शब्द तेव्हा खूपदा मनात घोळवायची. आई तांदूळ निवडायला बसते तेव्हा ताटात तिला खडा खड्यासारखा दिसतो आणि तांदूळ तांदळासारखा. बोटांना वेळ लागत नाही. माझ्यापुढं जे दोन ढीग होते त्यांत मला खडा कुठला ते ओळखता येत नव्हतं, आणि सगळे जण मात्र आपापल्या परीनं ओळखून बसले होते.

पप्पा कामावरून आले, चहा घेतला, आणि मी विषय काढला.

"माणसं बघायला शिकायचं?" त्यांनी विचारलं. चिडून नाही. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "माणसं इथं काय कमी हायत का माय?"

"नुसती बघायची नाहीत पप्पा. कॉम्प्युटर माणसांना कसं बघतो ते..."

"कॉम्प्युटर शिकलीस ना तू? मग नोकरी कर ना त्याची."

मी पुन्हा सगळं समजावलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत बसले. प्रेसवर काम करून त्यांच्या तळहाताची कातडी कडक, चकाकणारी झालीय.

"एक सांगू?" ते म्हणाले. "आपल्या लोकांना आजपर्यंत दुसऱ्यांनी लई बघितलंय. वस्तीत आले, फोटो काढले, लिहून घेतलं, गेले. आमच्या लहानपणी एक जण आला होता, माझ्या बापाला दारात उभा करून फोटो काढला. म्हातारा नवं धोतर नेसून येतो म्हणाला तर नाय म्हणाला. हाय तसाच राहा म्हणाला. तो फोटो कुठं गेला कुणाला ठाऊक. आता तूबी तेच काम करणार?"

 खरं तर पप्पांचं हे बोलणंच माझं उत्तर होतं. मला तेच तर शिकायचं होतं, की आजोबांना धोतर का बदलू दिलं नाही. पण ते मला त्या वेळी नीट सांगता आलं नाही. मी नुसतं म्हणाले, "म्हणूनच आपल्यातल्या कुणीतरी जायला पाहिजे ना पप्पा."

पप्पा उठून गच्चीवर गेले.

आई ओट्यापाशी कैऱ्या सोलत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हिरव्या सालींचा आंबट वास पसरला होता. ती मागं न वळताच म्हणाली, "तू जा."

"पप्पा नाही म्हणतात."

"ते म्हणतील व्हय. दोन दिवस दे त्यांला." मग सुरी थांबवून ती वळली. "कुसुमचं तोंड का आलं नाय, एवढं शिकून ये. बाकी मला काय समजत नाय."

आणि खरंच, पप्पा दोन-तीन दिवसांत वळले. एका दुपारी कामावरून येताना त्यांनी एक मोठी, चाकं असलेली बॅग आणली आणि काही न बोलता पलंगाखाली सरकवली. मी पुण्याच्या कंपनीला नको म्हणून कळवलं. 

पुढचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. ऊन असं की डांबर चपलेला चिकटायचं, पण मला ते जाणवत नव्हतं. मी रऊफभाईंकडं जाऊन बसायची. त्यांच्या मांडणीवरच्या कॅसेटी उतरवून घ्यायच्या, लोकांना शोधून काढून त्यांच्यासोबत बसून बघायच्या, ते काय दाखवतात, कुणाचं नाव घेतात ते टिपायचं, असा माझा अभ्यासाचा बेत होता. रऊफभाईंना तो फार आवडला. "तू जा के आ," ते म्हणाले. "तब तक मैं एक को भी हात लगाने नहीं देता." विहारात माझा सत्कार झाला. शाल, फुलं, वंदना. एका आजींनी माझा चेहरा दोन्ही हातांत घेऊन कानशिलावर बोटं मोडली. चौकात फ्लेक्स लागला. माझा मोठा फोटो, 'परदेशातील उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली गल्लीतल्या पोरांचे छोटे छोटे फोटो.

मे संपत आला असताना ईमेल आला. दुपार होती, आई झोपली होती. भाषा फार सभ्य होती. निधीअभावी हा संयुक्त अभ्यासक्रम या वर्षापासून थांबवण्यात येत आहे, मानवशास्त्राचा विभाग दुसऱ्या विभागात विलीन होत आहे, आपल्याला कॉम्प्युटर विज्ञानाच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात जागा देता येईल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. मला वाटत होतं की कुठलं तरी एखादं वाक्य मी चुकीचं वाचतेय.

नेहमीच्या अभ्यासक्रमाला तरी जाते म्हटलं, तर शिष्यवृत्ती ज्या नावाच्या अभ्यासक्रमाला मिळाली होती तोच उरला नव्हता. कार्यालयात पंख्याखाली बसलेले एक बाबू चांगले होते. त्यांनी पाणी दिलं, फाइल उघडली, बंद केली. "ताई, कोर्स बदलला म्हणजे नवा अर्ज. पुढच्या वर्षी बघा." पुण्याच्या कंपनीत फोन केला, तर माझी जागा कधीच दुसऱ्याला गेली होती. पुढच्या वर्षी मी आणखी दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणाहून नकार आला, बाकीच्यांकडून तोही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी अर्ज केला नाही.

पण त्या पहिल्या पावसाळ्यात सगळ्यात अवघड गेलं ते चौकातून जाणं. "काय मग, कधी निघणार?" किराणा दुकानदार विचारायचा, दूधवाला विचारायचा, विहारातल्या बाया विचारायच्या. मी 'बघू, पुढं ढकललंय' म्हणायची. वर फ्लेक्सवर मी हसत होते. वाऱ्यानं त्याचा एक कोपरा सुटला होता आणि माझा गाल सारखा दुमडायचा, सरळ व्हायचा, दुमडायचा. एका रविवारी पप्पा शेजाऱ्यांची शिडी घेऊन गेले आणि त्यांनी तो उतरवला. गुंडाळून घरी आणला. चांगलं जाड कापड होतं, टाकून कोण देणार. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर त्यांनी तो झाकण म्हणून घातला, छापलेली बाजू खाली करून, आणि चारी बाजूंनी विटा ठेवल्या. खाली आले आणि एवढंच म्हणाले, "पाण्यात कचरा पडायचा लई."

आम्ही तिघांनीही त्या विषयावर भांडण केलं नाही. कधी कधी मला वाटतं, करायला पाहिजे होतं. पप्पांनी 'मी म्हणत नव्हतो का' असं एकदा तरी म्हणायला पाहिजे होतं. ते कधीच म्हणाले नाहीत. ती चाकांची बॅग आता गोधड्या ठेवायला वापरतात.

रऊफभाईंकडं मी बरेच महिने गेलेच नाही. काय सांगणार होते? मग एका हिवाळ्यात गेले, तर तिथं मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान. पुढं काच, आत रंगीत दिवे. काउंटरवरच्या माणसानं सांगितलं की चाचा वारले, पोरं हैदराबादला असतात, त्यांनी जागा सोडली. मी कॅसेटींबद्दल विचारलं.

"वो सब कबाड में गया दीदी. टेम्पो भर के निकला."

म्हणजे ती सगळी लग्नं, हळदी, मिरवणुका. आणि त्या सगळ्यांच्या अंधाऱ्या बाजूला बसलेल्या बायका. मी तिथून एक कव्हर विकत घेऊन बाहेर पडले. का घेतलं, माहीत नाही. माझ्या फोनला ते बसलंही नाही.

मी आता शहरातल्याच एका छोट्या कंपनीसाठी घरून काम करते. काम सोपं आहे. कुठल्या तरी दूरच्या शहरांतले रस्त्यांचे फोटो येतात आणि त्यातल्या माणसांभोवती चौकोन काढायचे, म्हणजे यंत्राला माणूस ओळखायला शिकता येतं. माणूस, माणूस, सायकल, माणूस. दिवसभर. माझी बोटं आता न बघताही चौकोन काढतात. सुरुवातीला कामाचे नियम पाठवले होते, त्यात एक होता: अंधारात असलेली किंवा चेहरा स्पष्ट न दिसणारी व्यक्ती सोडून द्यावी. मी कंपनीतल्या वरिष्ठ बाईंना एकदा फोन करून विचारलं, की सोडून का द्यायची, ती पण माणूसच आहे ना. त्या त्रासल्या नाहीत, हसल्या. "सुजाता, एवढा विचार करशील तर दिवसाचं काम कसं पुरं होईल?" त्यांचं बरोबर होतं. मी सोडून देते. पहिल्या काही महिन्यांत अशा प्रत्येक सावलीपाशी मी थबकायची. आता थबकत नाही. ज्याची सवय लागू नये असं वाटतं त्याचीच आधी लागते.

मला कॉम्प्युटर आणि चित्रं आणि माणसं, तिन्ही एकत्र हवी होती. तशी ती मिळाली म्हणायची.

आई ती चित्रफीत आता लावायला सांगत नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये ती अजून आहे. एकदा मीच विचारलं, बघायची का? ती म्हणाली, "नको. आता आवाजबी जायला लागलाय तिचा." मग सुईत दोरा ओवायला लागली. ओवला जाईना, तेव्हा सुई माझ्याकडं दिली.

यंदाच्या एप्रिलमध्ये, परवाच, समीक्षाचा फोन आला. समीक्षा म्हणजे माझ्या मामाची मुलगी, सोयगावला कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. हुशार आहे, बोलायला लागली की थांबत नाही. आई गच्चीवर कुरडया घालत होती, वरून तिचा आणि शेजारणींचा आवाज येत होता. मी दोन फोटोंच्या मधे फोन उचलला.

"ताई, एक विचारायचं होतं," समीक्षा म्हणाली. "पुढं काय घेऊ? सगळे म्हणतात नुसतं कॉम्प्युटर घे. पण मी एक बघितलंय. त्याच्यात कॉम्प्युटरबी हाय आणि लोकांचा अभ्यासबी हाय. मी आपल्या गावच्या बाजाराचे व्हिडिओ काढलेत ना, वर्षभर. कोण कुठं बसतं, कुणाला सावली मिळते, कुणाला उन्हात बसवतात. ते मी असं कॉम्प्युटरवर मांडून बघितलं. ताई, लई भारी दिसतंय गं. तुला पाठवू?"

 तिच्या मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता.

"ताई? ऐकतेस ना? मला दोन्ही आवडतंय. म्हणून म्हटलं तुलाच विचारावं. तुलाच समजंल."

"समी," मी म्हणाले, "कॉम्प्युटर घे."

"आणि ते?"

"ते नको. नुसतं कॉम्प्युटर घे."

पलीकडं थोडा वेळ फक्त ट्रॅक्टर. मला वाटलं ती वाद घालेल. तिच्या वयाची मी असते तर घातला असता. मी मनात उत्तरंही तयार करत होते आणि मला एकदम जाणवलं, की तिनं वाद घालावा, मला हरवावं, अशी मी वाट बघतेय.

"बरं," ती म्हणाली. आवाज लहान झाला होता. "तू म्हणतेस तर बरोबरच असंल." मग मामाची, पाण्याची, कुणाच्या तरी लग्नाची थोडी बोलणी झाली आणि तिनं फोन ठेवला. ते व्हिडिओ तिनं पाठवले नाहीत. मीही मागितले नाहीत.

आई खाली आली. हाताला कुरडयांचा चीक लागलेला, कपाळावर घाम. दाराशी उभी राहून तिनं विचारलं, "समीचा होता का? काय म्हणत होती?"

मी तिला सगळं सांगितलं. समीक्षानं काय विचारलं, बाजाराचे व्हिडिओ, आणि मी काय उत्तर दिलं ते. सांगताना मी तिच्याकडं बघत नव्हते. एवढंच मनात होतं की आता ती रागावेल. ती म्हणेल, असं कसं सांगितलंस पोरीला. फोन लाव परत, म्हणेल.

 आईनं पदरानं कपाळ पुसलं.

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.